सेंद्रिय पाणी

करंजपाड्यात राबासाठी तोडलेलं कवळ कातळावर रचायची रीत कोणी पाडली, हे आता कोणालाच ठाऊक नाही. भात झोडून झालं की माणसं वरकसावर, म्हणजे वरच्या उताराच्या रानात, जातात, ऐनाच्या आणि किंजळीच्या फांद्या पाल्यासकट पाडतात, भारे बांधतात आणि तळ्याच्या वरच्या अंगाला जो काळा कातळ आहे त्यावर आणून रचतात. मातीवर रचलं तर वाळवी फडशा पाडते. कातळावर ती चढत नाही. चैत्रात तेच कवळ शेतात नेऊन रोपाच्या जागेवर पसरायचं, वर शेण-माती घालायची आणि भाजायचं, हाच राब, आणि त्यावर भाताचं रोप जोमाने येतं. कडावच्या आसपास हल्ली पुष्कळांनी राब सोडला आणि खताच्या गोणी आणून मोकळे झाले. करंजपाड्याने सोडला नाही, याचा गावाला भारी अभिमान. अभिमानाच्या बाबतीत हे गाव कधीच गरीब नव्हतं.

विठू भोईरचा ढीग कातळावर दरसाल सगळ्यांत पुढे, अगदी पाण्याच्या बाजूला. साठी ओलांडली तरी कोयता कमरेला लावून ऐनाच्या शेंड्यापर्यंत चढणारा गावात तोच उरला होता. या वर्षी मात्र भारे बांधायला जोडीला कोणी नव्हतं. मुलगा साईनाथ कुंभिवलीकडच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि बायको सोनुबाई पावसाळ्यात जी अंथरुणाला खिळली ती खिळलीच. श्रावणात गावात कावीळ आली होती. बाकीचे कण्हत-कुथत उठले, सोनुबाई उठली नाही. डोळे हळदीसारखे झाले, अंगाला खाज सुटली, ताकसुद्धा पोटात ठरेना. कर्जतच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा विठूने तिला रिक्षातून उचलून ओटीवर ठेवली, आणि उचलतानाच त्याला रडू आलं, कारण उचलायला फारसं काही राहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की यकृत जेमतेम सावरलं आहे. पुन्हा तसलं पाणी पोटात गेलं आणि पुन्हा कावीळ उलटली, तर आपल्या हातात काही नाही.

आणि गावाला पाणी एकच, तळ्याचं. विहिरी होळीच्या आधीच आटायच्या आणि बोअरचं पाणी गंजकं यायचं. सून निशिगंधा सासूसाठी रोज पाणी उकळायची, पण धुराचा वास लागलेलं कोमट पाणी सोनुबाईच्या घशाखाली उतरत नसे. कोणी बघत नाही असं पाहून ती हंड्यातलं गार पाणी ओंजळीने प्यायची, आणि पकडली की लहान पोरीसारखी तोंड फिरवायची. तिला रागवावं तरी कसं, हे घरात कोणालाच कळत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर मशीन आलं. एका संस्थेने दिलं, पंचायतीने तळ्याच्या काठाला पत्र्याची खोली बांधली. तळ्यातलं पाणी मोटारीने आधी सिमेंटच्या टाकीत यायचं, तिथे गाळ खाली बसायचा, मग ते वाळूतून गाळून मशीनमध्ये जायचं. मशीनच्या पोटात शेवयांच्या जुडीसारख्या बारीक पांढऱ्या नळ्या होत्या. संस्थेची रिया मॅडम त्याला पडदा म्हणायची. या नळ्यांच्या अंगाला इतकी बारीक भोकं आहेत, की पाणी जातं पण रोगाचा जंतू जात नाही, असं तिने समजावलं. चावी कोणाकडे द्यायची यावर थोडी कुरबुर झाली, पण बचत गटात लिहिणं-वाचणं सांभाळणारी निशिगंधाच होती, म्हणून चावी तिच्याकडे आली.

त्या पाण्याचा पहिला पेला सोनुबाईने भिंतीला टेकून, डोळे मिटून, घोट घोट प्यायला. नंतर तिने दुसरा मागितला. थंडी पडता पडता तिच्या डोळ्यांतला पिवळा रंग गेला, पौषात ती स्वतःच्या पायांनी परसात गेली, आणि एके सकाळी तिने तांदूळ निवडायला सूप मागितलं. विठू देवभोळा नव्हता. पण वरकसावर जाताना मशीनच्या खोलीपाशी तो थांबायचा, मागेपुढे पाहायचा, दाराला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग काही झालंच नाही अशा चालीने पुढे जायचा. सगळ्या गावाला हे माहीत होतं, आणि गावाला माहीत आहे हे फक्त विठूला माहीत नव्हतं.

पौषातच अवकाळी पावसाचा एक सडाका आला. त्यानंतर काही दिवसांत मशीनच्या तोंडावरचा दाबाचा काटा चढू लागला आणि हिरव्या पट्ट्यातून तांबड्यात गेला. नळाची धार करंगळीएवढी झाली. निशिगंधाने फोन केला. रिया मॅडमचा माणूस येऊन पडदा औषधाने धुऊन गेला, पाण्याची बाटली तपासायला घेऊन गेला, आणि मग मॅडमचा फोन आला. डोंगराच्या आडोशाला आवाज तुटक येत होता. त्यातून निशिगंधाला एवढं नीट कळलं, की तुमच्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ खूप जास्त आहेत.

तिने ते जसंच्या तसं देवळाच्या पारावर सांगितलं आणि घोटाळा झाला तो तिथे. पारावर आबाजी बसला होता. आबाजी म्हणजे विठूच्याच वयाचा, विठूएवढ्याच जमिनीचा, आणि शेतीखात्याच्या सेंद्रिय शेतीच्या शिबिराला जाऊन टोपी आणि पिशवी घेऊन आलेला गावातला एकमेव माणूस. सेंद्रिय हा शब्द त्याच्या मालकीचाच झाला होता. तो म्हणाला, यात घाबरण्यासारखं काय आहे, सेंद्रिय म्हणजे चांगलंच. मुंबईची माणसं भाजीवर सेंद्रिय लिहिलं की दुप्पट पैसे मोजतात, आपल्या तर पाण्यातच सेंद्रिय आहे, तेही जास्त. माणसं खूष झाली. कडावच्या बाजारात कोणीतरी ही बातमी सांगूनही आलं. विठूला स्वतःला बरं वाटलं, कारण सोनुबाईच्या तोंडावर आलेलं तेज त्या सेंद्रियाचंच असणार असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

माघात पुन्हा आभाळ आलं, पुन्हा सर पडली, आणि काटा पुन्हा तांबड्यात गेला. या वेळी रिया मॅडम स्वतः आली. खोपोलीची मुलगी, अंगाने किरकोळ, स्कूटरवर अवजारांची पेटी बांधलेली. तिने पडद्याची नळी उघडली तर पांढऱ्या शेवया विटकरी झालेल्या आणि हाताला बुळबुळीत लागणाऱ्या. आबाजीने पुढे होऊन तिला आपलं सेंद्रियाचं म्हणणं ऐकवलं. ती आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस मनापासून बोलतोय, आणि ती एकदम गंभीर झाली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी ऑफिसातला शब्द फोनवर वापरला आणि तुम्ही तो शेतातला समजलात. काका, चहा गाळला की चोथा गाळणीत राहतो. रंग राहतो का?"

"नाय," विठू म्हणाला.

"तुमच्या तळ्यात पाल्याचा चहा झालाय. वाळूतून तो सरळ निघून जातो आणि पडद्यावर जाऊन बसतो. चहाचं पातेलं आतून कसं काळं होतं, तसा थर. त्या थरावर मग शेवाळ, जंतू, सगळं पोसतं."

तिने तळ्याचं पाणी पांढऱ्या बादलीत घेतलं तेव्हा सगळ्यांना ते पहिल्यांदा दिसलं. हंड्यात, कळशीत, पितळेत ते कधी दिसलं नव्हतं. कोऱ्या चहात खूप पाणी ओतावं तसा फिका तांबूस रंग होता. रिया काठाकाठाने चालत कातळाखाली गेली. कवळाच्या ढिगांच्या बुडापासून पाण्यापर्यंत कातळावर तपकिरी ओघळ वाळलेले होते. तिने एक ओघळ टाचेने घासला, वरच्या ढिगातलं पान चुरगाळलं, हुंगलं, आणि हे कोणाचं आहे म्हणून विचारलं.

विठूने ओघळाकडे पाहिलं. ऐनाच्या सालीने कातडं कमावतात, जाळी रंगवतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. ऐनाचा पाला पाण्यात पडला की पाण्याचं काय होतं, हे विचारायला त्याला कोणी कधी लावलं नव्हतं. सोनुबाईच्या पाण्यात तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या डोक्यावरून आणून हे रचत होता.

"पुढला माजा हाय," तो म्हणाला.

त्या दिवशी रियाने पडदा पुन्हा धुतला आणि जायच्या आधी विठू आणि निशिगंधाला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. पडदा आता इतका खराब झाला होता, की आणखी एकदा चोंदला तर धुऊन उपयोग नव्हता. नवा पडदा संस्था देणार नव्हती. तसं झालं तर मशीनच उचलून कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूच्या एका वाडीला द्यायचं, असं वरच्यांनी ठरवलं होतं. ती वाडी वर्षभर मागत होती. मशीन जाऊ नये म्हणून दोन गोष्टी करायला हव्या होत्या. कवळ कातळावरून हलवायचं, आणि पाण्यात आधीच उतरलेला रंग टाकीतच तुरटीने खाली बसवायचा.

तुरटी निशिगंधा टाकत होतीच, पण बायका हंड्यात खडा फिरवतात त्या अंदाजाने. रियाने बाटल्यांत पाणी भरून, कमी-जास्त तुरटी आणि चिमूट चिमूट चुना घालून ओळीने ठेवलं. त्यातल्या मधल्या बाटलीत थोड्या वेळाने नासलेल्या दुधासारखे बारीक पुंजके दिसू लागले, ते जड होऊन तळाला बसले आणि वरचं पाणी निवळ झालं. त्या मापाने टाकीला किती लागेल, ते तिने निशिगंधाला आखून दिलं. ढवळायचं कसं तेही शिकवलं. निशिगंधा मेहनतीची, ताक घुसळावं तशी ती हात भरून येईपर्यंत ढवळायची, आणि जमू पाहणारे पुंजके त्यानेच मोडत होते. आधी झपाट्याने एकदा मिसळून घ्यायचं आणि मग पेज ढवळतात तसं अगदी हळू, असं रिया म्हणाली. विठूने तिथेच एक बांबू उचलला आणि टाकीवर चढून हळू ढवळायला लागला. हे काम मी करीन, असं त्याने सांगितलंसुद्धा नाही. ते त्याचं झालं.

कवळाचं मात्र एवढं सोपं नव्हतं. पारावर सगळे जमले. आबाजी सेंद्रियाच्या बाबतीत तोंडघशी पडला होता आणि त्याची जळजळ त्याला कुठेतरी काढायची होती. त्याने विचारलं, कातळावरून हलवून ठेवायचं कुठे? वाळवीच्या तोंडात? बापजाद्यांनी कातळावर रचलं, तेच पाणी पिऊन ते म्हातारे होऊन मेले. मग तो आवाज बदलून म्हणाला, मशीन दोनदा बंद पडलं ते पाल्याने पडलं का चालवणाऱ्याने, हे कोणी बघितलं? सुनेला जमत नसेल तर चावी दुसऱ्या कोणाकडे द्या.

कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. बायकांच्या घोळक्यात निशिगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. ती सासऱ्याकडे पाहत होती हे विठूला न बघताही कळत होतं. तोंड उघडावं असं त्याला फार वाटलं. पण भर पारावर सासऱ्याने सुनेची बाजू घ्यायची, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, कधी केलं नव्हतं, आणि शब्द कुठून सुरू करायचे तेच त्याला सुचेना. तो मान खाली घालून बसून राहिला. बैठक तशीच उठली.

घरी सोनुबाईने विचारलं, काय ठरलं. विठू म्हणाला, काय ठरायचंय. ती भाकरी मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, पोरीने आल्यापासून तोंडात घास घातलेला नाही. सकाळी उजाडायच्या आधी विठू कातळावर गेला.

कवळ वर आणताना अंगाला लागतं त्याहून उतरवताना जास्त लागतं. वाळलेला पाला निसटतो, फांद्या मानेत घुसतात, आणि उतारावर गुडघा प्रत्येक पावलाला कुरकुरतो. डोक्यावर चुंबळ, त्यावर भारा, एक हात वर आणि एक हात तोलाला धरून विठू कातळ उतरायचा, तळ्याला वळसा घालून घराच्या मागच्या खळ्यात जायचा. खळ्यात त्याने धोंडे मांडून त्यावर आडवे वासे टाकले होते, म्हणजे भारे मातीला टेकणार नाहीत. धोंड्यांना राख फासली होती. वाळवीचा बंदोबस्त एवढ्यावर होईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. झाला नाही तर येत्या पावसाळ्याचं रोप किरटं येईल, हेही त्याला कळत होतं.

वाटेवर आबाजीचं घर. आबाजी ओटीवर मिश्री लावत बसलेला असायचा. "विठ्या, जल्मभर वर चढवलंस, आता खाली उतरवतोस," तो म्हणायचा. "सुनेनं हमाल ठेवला का रं तुला?" ओटीवरची माणसं हसायची. विठू डोक्यावर भारा घेऊन मान हलवू शकत नव्हता, त्यामुळे बघण्याचा प्रश्न नव्हता. घामाने डोळे चुरचुरायचे. मानेवर सालीने ओरखडे काढले होते आणि रात्री सोनुबाई त्यावर खोबरेल लावताना तोंडाने चक् चक् करायची.

निशिगंधा मशीनचं काम आटपून कातळावर येऊ लागली. लुगड्याचा काष्टा तिला घालता येत नव्हता, म्हणून साईनाथची जुनी पँट साडीखाली चढवून ती भारे बांधायची. दोघं दिवसभर एकत्र खपायची आणि त्यात चार शब्द बोलायची नाहीत. भारा उचलून डोक्यावर देताना ती म्हणायची, "बाबा, सांभाळून," आणि तो म्हणायचा, "हां." सुट्टीच्या दिवशी साईनाथ आला. ज्यांच्या घरी श्रावणात कावीळ होऊन गेली होती अशा काही घरांनीही आपापलं कवळ हलवलं. आबाजीचा ढीग आणि त्याच्या पाठीमागचे दोन-तीन तेवढे कातळावर राहिले.

विठूचा शेवटचा भारा खळ्यात पडला त्या दिवशी दुपारी ढाकच्या डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलं. फाल्गुनात असं आभाळ बघितलं की माणसं आंब्याचा मोहोर आठवून हळहळतात. विठूला मोहोर आठवला नाही. तो फावडं आणि घमेलं घेऊन कातळाकडे निघाला. त्याच्या मागोमाग, त्याने न सांगता, निशिगंधा टिकाव घेऊन निघाली. उरलेले ढीग हलवायला वेळ नव्हता. एकच करता येण्यासारखं होतं, की ढिगांच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालून पाणी तळ्यात न जाऊ देता बाजूला वळवायचं.

पाऊस तिरपा आला. काठाची चिकणमाती खणून निशिगंधा घमेली भरायची, विठू ती वर नेऊन कातळावर ओतायचा आणि पायाने दाबायचा. कातळ निसरडा झाला. माती धरेना, एका जागी दाबली की दुसऱ्या जागी वाहून जायची. आबाजीच्या ढिगाखालून पहिला तपकिरी ओघळ निघाला, बांधापाशी थबकला, फट शोधली आणि फटीतून पुढे सरकला. विठू गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती लावत होता आणि ती त्याच्या बोटांतून जात होती. त्याला मनातून स्वतःचा राग येत होता. भातशेतीत बांध घालायला तो कधीच हुशार नव्हता. त्याचं कौतुक झाडावर.

"काय करतोस रं हे?"

आबाजी इरलं घेऊन उभा होता. तो खरं तर आपला ढीग वाऱ्याने उडतोय का बघायला आला होता. पण पंचक्रोशीत बांध घालावा तर आबाजीने, हे त्याचे वैरीसुद्धा म्हणत, आणि समोर चाललेलं ते काम त्याला बघवेना. त्याच्या तोंडावर दुखल्यासारखं काहीतरी उमटलं.

"कातळावर नुसती माती धरंल का? खाली पेंढा लागतो. पोरी, जा, माज्या गोठ्यातनं पेंढा आण. पळ. आनि गजाला सांग, दोन पहारी घेऊन ये. विठ्या, हो बाजूला. हात लावू नको."

इरलं टाकून तो चिखलात उतरला. पेंढा आला, त्याचा मुलगा गजा आला, गजामागून आणखी चार माणसं आली. आबाजीने पेंढा आडवा अंथरला, त्यावर माती, त्यावर पुन्हा पेंढा, आणि टाचेने असा दाबत गेला की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस कातळावर शिवण घालतोय. वर तो शिव्याही देत होता. पावसाला, मातीला, विठूच्या हातांना. मशिनीसाठी मी हे करत नाही, असंही मध्येच एकदा म्हणाला. बायका रांगेत उभ्या राहून घमेली पुढे सरकवत होत्या, आणि घोंगडी पांघरून, कोणाचं न ऐकता, सोनुबाई खाली काठावर येऊन उभी राहिली होती. ओघळ बांधाला येऊन अडले, फुगले, आणि आबाजीने काढून दिलेल्या वाटेने वळून कातळाच्या पलीकडे आबाजीच्याच रोपाच्या जागेत उतरले. पाल्याचा सगळा चहा त्या जमिनीने पिऊन टाकला.

विठूला त्या क्षणी आबाजीच्या पाया पडावंसं वाटलं. पाया पडला असता तर आबाजीने त्याला फावड्याने हाणलं असतं, म्हणून त्याने फक्त त्याच्या पायाशी पेंढा नेऊन टाकला आणि म्हणाला, "तुजे उपकार झाले, आबाजी."

"उपकार कसले. सेंद्रिय गेलं माज्या शेतात," आबाजी तोंडावरचं पाणी निपटत म्हणाला. "आता माजा तांदूळ तुला परवडायचा नाय."

कातळ ओला असताना जो थोडा रंग आधीच तळ्यात उतरला होता, त्याचं पुढचं काम टाकीत होतं. रियाने आखून दिलेल्या मापाने निशिगंधाने तुरटी आणि चुना टाकला आणि विठूने ओल्या कपड्यांनिशी टाकीवर चढून बांबू धरला. झपाट्याने एकदा, मग पेज ढवळल्यासारखं हळू. पुंजके जमले, थोराड झाले, डगमगत खाली गेले. मग टाकी तशीच झाकून ठेवली.

सकाळी गाव मशीनच्या खोलीसमोर उभं होतं. काल चिखलात उतरलेल्यांना आपल्या कष्टाचं काय झालं ते बघायचं होतं, आणि न उतरलेल्यांना तर जास्तच बघायचं होतं. निशिगंधाने बटण दाबलं. मोटार घरघरली, काटा थरथरत वर आला, हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर पोचला आणि थांबला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. हंडे भरत गेले, उन्हं पत्र्यावर आली, आणि काटा होता तिथेच होता. तिने रिया मॅडमला फोन लावून काटा कुठे आहे ते सांगितलं. पलीकडून मॅडम काहीतरी बोलली. मशीन जात नाही, एवढंच निशिगंधाने सगळ्यांना सांगितलं. आबाजी म्हणाला की त्याचा उरलेला ढीग तो आजपासून हलवणार आहे, कारण एवढा चांगला बांध त्या घाणेरड्या पाण्याने खराब व्हायला नको. चावीचा विषय कोणी काढला नाही.

माणसं हंडे घेऊन पांगू लागली. निशिगंधा दाराच्या पायरीवर बसली. काल दुपारपासून ती आता पहिल्यांदा बसत होती. तळहातांना घमेल्याच्या काठाने फोड आले होते आणि ती ते बघत होती.

विठू पारापर्यंत गेला होता तो परतला. खोलीत शिरला, फळीवरचा पेला घेतला, नळाखाली धरून विसळला आणि काठोकाठ भरला. बाहेर येऊन तो सुनेसमोर उभा राहिला आणि पेला पुढे केला.

ती गडबडून उठायला लागली. पदर डोक्यावर ओढू लागली. या घरात आल्यापासून दारातून कोणी आत आलं की पेला भरून द्यायचा तो तिने. तिच्या हातात कोणी पाणी दिलं नव्हतं. "बाबा, मी घेते ना, तुमी कशाला," ती म्हणाली. तिला सासऱ्याला काय झालंय तेच कळेना. अजून न गेलेल्या बायका हंडे कमरेवर घेऊन थांबल्या. आबाजीही थांबला.

"बस," विठू म्हणाला. त्याचा आवाज हवा होता त्याहून मोठा आला, तो पारापर्यंत ऐकू गेला, आणि गेला ते बरंच झालं असं त्याला वाटलं. "बस खाली. त्या दिशी मी गप बसलो. तुज्यामुळं तुजी सासू जित्ती हाय. पी."

निशिगंधाने पेला दोन्ही हातांनी धरला. ती पाणी प्यायली, सगळं, आणि ती पिऊन होईपर्यंत विठू तिच्यासमोर उभा राहिला.